छतावरील सौर संचाच्या खरेदीतील ग्राहक संरक्षण (भारत)

भारतात घराच्या छतावर सौर विद्युत संच विकत घेणाऱ्या, कर्ज काढून बसवणाऱ्या किंवा भाडेतत्त्वावर बसवून घेणाऱ्या घरगुती वीजग्राहकाला कायद्याने दिलेले संरक्षण एका कायद्यात एकत्रित नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९, विद्युत अधिनियम, २००३ आणि त्याखालील नियम, राज्य विद्युत नियामक आयोगांचे विनियम, भारतीय मानक ब्युरोची मानके, केंद्र शासनाच्या अनुदान योजनेच्या अटी आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे कर्जविषयक निर्देश यांमध्ये ते विखुरलेले आहे. संच सदोष निघाल्यास विक्रेता, वितरण कंपनी, बँक आणि अनुदान देणारी यंत्रणा या चौघांपैकी नेमके कोणाकडे जावे, हा प्रश्न त्यामुळेच ग्राहकासमोर वारंवार उभा राहतो.

पार्श्वभूमी

छतावरील सौर संच ही घरगुती उपकरणांमध्ये वेगळ्या प्रकारची खरेदी आहे. शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्र दुकानातून घरी येते आणि चालू होते. सौर संचाची मात्र छतावर उभारणी करावी लागते, तो घराच्या वायरिंगला व वितरण कंपनीच्या जाळ्याला जोडावा लागतो आणि त्याचा मोबदला पुढची पंचवीस वर्षे वीजबिलातील बचतीच्या रूपाने हळूहळू मिळतो. पैसे आरंभी जातात आणि लाभ दीर्घकाळात येतो. त्यामुळे विक्रीच्या वेळी दिलेले आश्वासन खरे होते की खोटे, हे कळेपर्यंत एक-दोन वर्षे सहज उलटतात. कायद्याने तक्रारीसाठी दिलेली मुदतही साधारण तेवढीच, म्हणजे दोन वर्षांची आहे.

घरगुती छतांसाठी अनुदान पूर्वीपासून होते, पण त्याची पद्धत निराळी होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात वितरण कंपन्या निविदा काढून दर ठरवत, ग्राहक अनुदान वजा जाता उरलेली रक्कम भरे आणि अनुदान पुरवठादाराकडे जाई. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाल्यानंतर अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. विक्रेता निवडण्याचे व भाव ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले, परंतु संपूर्ण रक्कम आधी उभी करण्याचा भार आणि निवड चुकण्याचा धोकाही त्याच्याकडेच आला.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू करण्यात आली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट असलेल्या या योजनेमुळे बाजार झपाट्याने वाढला. लहान शहरांत व तालुक्याच्या गावी कालपर्यंत पंप, वायरिंग किंवा सीसीटीव्हीची कामे करणारे अनेक जण या व्यवसायात आले.

विक्रीच्या वेळची दिशाभूल

सर्वाधिक वापरले जाणारे आश्वासन म्हणजे शून्य वीजबिल. वापराइतकी वीज छतावर तयार झाली तरी स्थिर आकार भरावाच लागतो, कारण तो वापरावर अवलंबून नसतो. बिल कमी होणे आणि बिल शून्य होणे यांतील हा फरक जाहिरातींत क्वचितच सांगितला जातो. वस्तू किंवा सेवेचे खोटे वर्णन करणारी वा महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवणारी जाहिरात ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(२८) प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. अशा जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादक किंवा जाहिरातदारास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

दुसरा गैरसमज भारनियमनाशी संबंधित आहे. महाराष्ट्रात घरोघरी ‘इन्व्हर्टर’ हा शब्द वीज गेल्यावर दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीच्या संचासाठी रूढ आहे. सौर संचातही इन्व्हर्टर असतो, त्यामुळे वीज गेली तरी घर चालू राहील अशी अनेकांची समजूत होते. वितरण जाळ्याला जोडलेला बॅटरीविरहित संच मात्र वीज जाताच आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था बंधनकारक आहे आणि आयएस १६१६९ हे मानक त्यासाठीच आहे. भरदुपारी ऊन असताना घर अंधारात राहते तेव्हा ग्राहकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण संचात दोष नसतो. बॅटरी असलेल्या संकरित संचाची किंमत लक्षणीय जास्त असते. विक्रेत्याने साधा संच विकताना तो वीज गेल्यावरही चालेल असे सांगितले असेल, तर तो अनुचित व्यापारी प्रथेचा विषय होतो. असे बोलणे बहुधा तोंडीच झालेले असते, आणि पुराव्याची अडचण तिथेच येते.

तिसरा मुद्दा उत्पादनाच्या अंदाजाचा आहे. महाराष्ट्रात १ किलोवॉट क्षमतेचा, सावली नसलेला आणि दक्षिणाभिमुख संच दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० युनिट वीज देतो. ३ किलोवॉटच्या संचातून महिन्याला सुमारे ३६० युनिट हा त्यामुळे वाजवी अंदाज आहे. यापेक्षा बऱ्याच मोठ्या आकड्यावर आधारलेले कोटेशन संशयास्पद मानावे लागते. हे वर्षाचे सरासरी आकडे आहेत. कोकणात व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात उत्पादन बरेच उतरते. शेजारची उंच इमारत, पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड यांची सावली काही पॅनेलांवर जरी पडली, तरी एकाच माळेत जोडलेल्या सर्व पॅनेलांचे उत्पादन घटू शकते. छताची प्रत्यक्ष पाहणी न करता केवळ दूरध्वनीवर दिलेला अंदाज म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो.

गरजेपेक्षा मोठा संच गळ्यात मारणे हाही एक प्रकार आहे. महिना १५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ५ किलोवॉटचा संच विकला, तर अनुदान ३ किलोवॉटच्या पुढे वाढत नाही आणि शिल्लक विजेला मिळणारा दर ग्राहक भरतो त्या दराहून कमी असतो. गेल्या बारा महिन्यांच्या वीजबिलांवरील युनिटांची बेरीज हाच क्षमता ठरवण्याचा सर्वांत साधा आधार आहे.

‘मंत्रालयाचा अधिकृत विक्रेता’ असा दावाही सर्रास केला जातो. आपण कोणत्याही विक्रेत्याला अशी अधिकृतता दिलेली नाही, असा खुलासा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये केला होता. विक्रेत्याची नोंदणी असते ती राष्ट्रीय पोर्टलवर किंवा वितरण कंपनीकडे. नोंदणीसाठी त्याला बँक हमी द्यावी लागते, पण त्याच्या कामाच्या दर्जाची शासकीय हमी त्यातून निर्माण होत नाही.

अनुदान आणि त्याभोवतीचे गैरप्रकार

सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटसाठी प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये केंद्रीय साहाय्य मिळते. ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ते ७८,००० रुपयांवर थांबते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी ५०० किलोवॉटची कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी ‘स्मार्ट’ या नावाने अतिरिक्त साहाय्याची योजना आणली.

अनुदानाची मुख्य अट अशी की पॅनेल आणि त्यातील सौर घट हे दोन्ही भारतात तयार झालेले असावेत. बाजारात अशा पॅनेलांना ‘डीसीआर’ म्हणतात. आयात घट वापरून येथे जुळवलेली पॅनेले स्वस्त पडतात, दिसायला मात्र सारखीच असतात. या किमतीच्या फरकातून फसवणुकीची एक वाट निघते: कोटेशनमध्ये डीसीआर लिहायचे आणि छतावर दुसरीच पॅनेले चढवायची. प्रत्येक पॅनेलवर अनुक्रमांक आणि आतल्या बाजूला आरएफआयडी पट्टी असते. अनुक्रमांक डीसीआर पॅनेलांच्या नोंदींशी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पोर्टलवर ताडून पाहता येतात. पॅनेले सांगाड्यावर बसवल्यानंतर मागील बाजूची पट्टी वाचणे अवघड होते, म्हणून माल खाली असतानाच छायाचित्रे काढून ठेवणे श्रेयस्कर असते.

अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येत असल्यामुळे ‘सबसिडी वजा करून भाव’ सांगणाऱ्या कोटेशनचा अर्थ काळजीपूर्वक लावावा लागतो. काही विक्रेते वजा केलेली रक्कम नंतर ग्राहकाकडून वसूल करण्यासाठी कोरे धनादेश घेतात किंवा बँक खात्याचा तपशील व ओटीपी मागतात. योजनेत अशा व्यवस्थेला स्थान नाही. अनुदान नाकारले गेले तर तोटा कोणी सोसायचा हे करारात लिहिलेले नसेल, तर तो व्यवहारात ग्राहकावरच पडतो. संच बसला, नेट मीटर लागला, वितरण कंपनीची तपासणी होऊन कार्यान्वयनाचा दाखला मिळाला, की मगच अनुदानाची मागणी करता येते. वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे तोच लाभार्थी असल्याने, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे राहिलेले मीटर हे अनुदान रखडण्याचे नेहमीचे कारण ठरते. ही चूक कोणाचीच फसवणूक नसते, पण संच बसवण्यापूर्वी नावात बदल करून घेतल्यास ती टळते.

कराचा भागही पाहण्यासारखा आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार सौर संचाचा पुरवठा व उभारणी एकत्र असल्यास किमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के भाग सेवा मानला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तूंवरील दर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरील दर १८ टक्केच राहिला. त्यामुळे एकूण भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आला. पूर्ण रकमेवर १८ टक्के कर लावलेले बिल चुकीचे ठरते. आणि ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ ही सवलत स्वीकारणाऱ्या ग्राहकाकडे पुढे वॉरंटीचा किंवा तक्रारीचा आधारच उरत नाही.

करार, मानके आणि हमी

योजनेच्या पोर्टलवर ग्राहक व विक्रेता यांच्यातील कराराचा आदर्श नमुना दिलेला आहे. त्यानुसार विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल विनामूल्य करणे अपेक्षित आहे. कार्यान्वयनाच्या वेळी संचाचे कार्यमान गुणोत्तर, म्हणजे उपलब्ध सूर्यप्रकाशातून सैद्धांतिकदृष्ट्या मिळू शकणाऱ्या विजेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेली वीज, किमान ७५ टक्के असले पाहिजे. अनेक व्यवहारांत हा नमुना पोर्टलवर औपचारिकता म्हणून चढवला जातो आणि प्रत्यक्ष देवाणघेवाण एका पानी कोटेशनवर चालते. वाद निर्माण झाल्यावर सही केलेला आदर्श करार हाच ग्राहकाच्या हातातील सर्वांत भक्कम कागद असतो.

हमी एक नसून अनेक असतात आणि त्यांचे देणेकरी वेगवेगळे असतात. पॅनेलच्या निर्मितीतील दोषांची हमी साधारण १० ते १२ वर्षांची व उत्पादकाची असते. कार्यक्षमतेची हमी २५ वर्षांची असते, म्हणजे दहा वर्षांनंतर मूळ क्षमतेच्या किमान ९० टक्के आणि पंचवीस वर्षांनंतर किमान ८० टक्के अशा स्वरूपाची. इन्व्हर्टरची हमी बहुधा ५ ते १० वर्षांची असते. सांगाडा, तारा, अर्थिंग आणि उभारणीचे काम यांची जबाबदारी विक्रेत्याची. ‘पंचवीस वर्षांची वॉरंटी’ हे जाहिरातीतील शब्द यांपैकी फक्त एकाच हमीला लागू पडतात. शिवाय कार्यक्षमता घटल्याचे सिद्ध करण्यासाठी पॅनेल उतरवून प्रयोगशाळेत पाठवावे लागते, आणि त्या वाहतुकीचा खर्च कोणाचा याविषयी हमीपत्र बहुधा ग्राहकाच्या विरुद्ध असते किंवा मौन बाळगते.

पॅनेल व इन्व्हर्टर यांच्यासाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१७ च्या आदेशाने सक्तीची केली आहे. पॅनेलांना आयएस १४२८६ आणि आयएस/आयईसी ६१७३०, तर इन्व्हर्टरला आयएस १६२२१ व आयएस १६१६९ ही मानके लागू होतात. यांव्यतिरिक्त मंत्रालयाची मान्यताप्राप्त पॅनेल उत्पादकांची यादी आहे. तिचा मूळ आदेश २०१९ मधला असून मधल्या स्थगितीनंतर १ एप्रिल २०२४ पासून ती पुन्हा लागू झाली.

प्रत्यक्षात बिघडतो तो मात्र सांगाडा. किनारपट्टीवरील खारी हवा पातळ जस्तलेपाच्या लोखंडाला काही वर्षांतच गंजवते, आणि वादळी वाऱ्यात पॅनेलांखाली हवा शिरून ती शिडासारखी उचलली जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात धडकले, तेव्हा छप्परे आणि त्यांवरील पत्र्यांचे काय होते हे कोकणाने पाहिले. वाऱ्याच्या भाराची गणना आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार व्हावी लागते. स्लॅबला भोके पाडून पाय रोवले गेल्यास पावसाळ्यात गळती सुरू होते, आणि वॉटरप्रूफिंग करणारा कंत्राटदार व सौर विक्रेता एकमेकांकडे बोट दाखवतात. गळतीची जबाबदारी करारात स्पष्ट लिहून घेणे, हा कायद्याच्या पुस्तकात नसलेला पण अनुभवाने रूढ झालेला खबरदारीचा उपाय आहे.

नेट मीटर आणि वितरण कंपनी

संच बसला तरी नेट मीटर लागेपर्यंत त्याचा आर्थिक उपयोग होत नाही. या टप्प्यावर ग्राहकाचे हक्क विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये आहेत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनी वीज वापरणारा व निर्माण करणारा अशा दुहेरी भूमिकेतील ग्राहकाला मान्यता दिली. जून २०२१ मधील दुरुस्तीने ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत नेट मीटरिंगचा हक्क दिला.

२२ फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिच्यानुसार १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाशिवाय स्वीकारले गेल्याचे मानले जाते आणि आवश्यक असल्यास मंजूर भार वितरण कंपनीनेच वाढवायचा असतो. त्याहून मोठ्या संचांसाठी अभ्यासाची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली असून, मुदत टळल्यास मंजुरी मिळाल्याचे मानण्यात येते. संच कार्यान्वित करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवस केली आहे. ५ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरण जाळ्याचे बळकटीकरण करावे लागले, तर त्याचा खर्च वितरण कंपनीचा असतो. रोहित्राची क्षमता अपुरी आहे, तेव्हा पैसे भरा किंवा थांबा, असे ३ किलोवॉटच्या ग्राहकाला सांगितले जात असेल तर ते या नियमाला धरून नाही. मीटरच्या वाचनाबद्दल तक्रार असल्यास पाच दिवसांत जोडमीटर बसवून किमान तीन महिन्यांचा वापर पडताळण्याची तरतूदही याच दुरुस्तीत आहे.

हिशेबाची पद्धत मात्र राज्य आयोग ठरवतो. महाराष्ट्रात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम लागू आहेत, गोव्यात गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त आयोगाचे. महाराष्ट्रात शिल्लक युनिट आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत वळते होतात आणि वर्षाअखेरीस उरलेल्यांचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने केला जातो. याचा एक परिणाम विक्रेते सहसा सांगत नाहीत. फेब्रुवारी-मार्चच्या लख्ख उन्हात साठलेले युनिट ३१ मार्चला संपतात आणि एप्रिल-मे या सर्वाधिक वापराच्या महिन्यांत खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्या नेट मीटर ग्राहकांना जाळे-साहाय्य आकारातून सूट देण्यात आली आहे.

वेळेनुसार वीजदर लागू असलेल्या ग्राहकांबाबत विनियम असे सांगतात की एका कालखंडातील उत्पादन आधी त्याच कालखंडातील वापरातून वजा व्हावे आणि उरलेले उत्पादन कमी मागणीच्या काळात झाले असे मानावे. दुपारी तयार झालेल्या विजेने रात्रीचा वापर पूर्ण भरून निघेल की नाही, हे म्हणून दररचनेवर अवलंबून राहते. ही रचना आयोगाच्या आदेशाने बदलू शकते, आणि पंचवीस वर्षांच्या बचतीचे कोष्टक दाखवणारा विक्रेता तो बदल होणारच नाही असे गृहीत धरत असतो. अशा बदलामुळे झालेल्या तोट्यासाठी विक्रेत्याला किंवा वितरण कंपनीला ग्राहक आयोगात खेचता येत नाही. नियामक आयोगाच्या जनसुनावणीत हरकत नोंदवणे हाच तेथे मार्ग आहे.

भाडेतत्त्व

घरगुती छतांवर भाड्याचा प्रकार भारतात अद्याप अल्प प्रमाणात आहे. ‘रेस्को’ पद्धतीत कंपनी स्वखर्चाने संच बसवते व ग्राहक वापरलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने देतो. दुसऱ्या पद्धतीत वितरण कंपनी किंवा राज्याने नेमलेली संस्था ग्राहकांच्या वतीने संच बसवते. सूर्यघर योजनेत या दोन्ही पद्धतींना मान्यता असून त्यांच्या देयकांच्या सुरक्षेसाठी १०० कोटी रुपयांचा निधी ठेवला आहे. हा निधी गुंतवणूकदाराला संरक्षण देतो; ग्राहकाचे संरक्षण करारातूनच यावे लागते. दर दरवर्षी किती वाढेल, घर विकल्यास करार नव्या मालकाकडे जाईल का, छताची दुरुस्ती करायची झाल्यास संच उतरवण्याचा खर्च कोणाचा, कंपनी बंद पडली तर काय आणि मुदत संपल्यावर संच कोणाचा, ही त्यातील कळीची कलमे होत.

अमेरिकेत ही पद्धत दीड दशकाहून अधिक काळ चालत आली आहे आणि तिचे तोटेही तेथे पुरेसे दिसले आहेत. वीस-पंचवीस वर्षांचे करार, दरवर्षी चढत जाणारे भाडे आणि घर विकताना खरेदीदाराने करार स्वीकारण्यास दिलेला नकार, या तेथील नेहमीच्या तक्रारी आहेत. तेथे दारात येऊन केलेली विक्री तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क संघराज्यीय व्यापार आयोगाच्या नियमाने मिळतो, आणि कॅलिफोर्नियात एकूण खर्च दर्शवणारे विहित पत्रक ग्राहकाला देणे सक्तीचे आहे. भारतात घरी येऊन केलेल्या सर्वसाधारण विक्रीसाठी असा विचारकाळ नाही. आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट त्यामुळे कोटेशनवरच लिहून घ्यावी लागते.

कर्ज

योजनेखाली ३ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तारणाविना कर्ज मिळते. योजना जाहीर झाली तेव्हा त्याचा व्याजदर सुमारे ७ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारांना व्याज, शुल्क आणि वार्षिक एकूण दर दर्शवणारे मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. कर्जाची रक्कम बहुधा थेट विक्रेत्याकडे जाते, आणि संच बंद असला तरी हप्ता थांबत नाही, कारण कर्जाचा करार वेगळा असतो. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने सोडण्याची, विशेषतः शेवटचा हिस्सा कार्यान्वयनानंतर देण्याची सूचना बँकेला लेखी देणे उपयुक्त ठरते. बँकेच्या सेवेबद्दलची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली करता येते.

तक्रार निवारण

विक्रेत्याविरुद्धची तक्रार आणि वितरण कंपनीविरुद्धची तक्रार यांचे मार्ग वेगळे आहेत. नेट मीटरला विलंब, चुकीचा हिशेब किंवा नाकारलेला अर्ज यांसाठी विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे स्थापन झालेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. महाराष्ट्रात कारण घडल्यापासून दोन वर्षांत त्याच्याकडे जाता येते. त्याच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. सेवेतील त्रुटीसाठी वितरण कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येते. मात्र अनधिकृत वीजवापराच्या कलम १२६ खालील आकारणीबाबत ग्राहक आयोगाला अधिकार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध अनिस अहमद या खटल्यात स्पष्ट केले.

विक्रेता व उत्पादक यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागितली जाते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाला अधिकार असल्यामुळे घरगुती संचाचे जवळपास सर्व वाद तेथेच येतात. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे विक्रेत्याचे कार्यालय परराज्यात असणे ही अडचण राहत नाही. करारातील लवादाच्या कलमामुळेही ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. २०१८ च्या एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या निकालाने हा मुद्दा निकाली निघाला. करारच एकतर्फी व अनुचित असल्याची तक्रार मात्र जिल्हा आयोगात चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्था कायद्याच्या व्याख्येत ‘व्यक्ती’ असल्याने सामायिक छतावरील संचासाठी ती स्वतः तक्रारदार होऊ शकते.

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत सांगितली आहे. व्यवहारात त्याहून बराच अधिक काळ लागतो. सौर संचाच्या वादात पुरावा मात्र तुलनेने सहज उपलब्ध असतो. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये दिवसागणिक उत्पादनाची नोंद राहते आणि नेट मीटरचे आकडे वीजबिलावर छापून येतात. बंद पडलेल्या विक्रेत्याच्या खात्यावर ते ॲप नोंदवलेले असेल तर नोंदी ग्राहकाच्या हाताबाहेर जातात, म्हणून नोंदणी स्वतःच्या दूरध्वनी क्रमांकावर करून घेणे महत्त्वाचे आहे. दावा दाखल करण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर दावाही ऑनलाइन दाखल करता येतो. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावासाची किंवा किमान २५,००० रुपये दंडाची शिक्षा होऊ शकते. मात्र गाशा गुंडाळून गेलेल्या विक्रेत्याकडून वसुली करणे हा या सर्व व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा राहिला आहे.

जुन्या पॅनेलांची विल्हेवाट

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश केला असून उत्पादकांना २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा पॅनेल-कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी दिली आहे. घरमालकाने फुटलेली किंवा बदललेली पॅनेले भंगारवाल्याला देणे या नियमांना धरून नाही. पॅनेल बदलून देताना जुने परत नेण्याची अट फार थोड्या हमीपत्रांत आढळते.